मांडलेला डाव

बुद्धिबळात डाव हरणे यात कमीपणा नाही. पण हाती आलेला डाव निसटून जावा, यासारखी हळहळ दुसरी नाही. गेल्या हिवाळ्यात शहरातील एका आंतरशालेय स्पर्धेत आमच्या आठवीतील एका विद्यार्थ्याच्या वाट्याला ही हळहळ आली. तीन तासांच्या झुंजीनंतर पटावर अवघी तीन मोहरी उरली होती. पांढरा राजा व एक प्यादे आमच्या विद्यार्थ्याकडे, आणि एकटा काळा राजा प्रतिपक्षाकडे. खेळी आमच्या विद्यार्थ्याची होती. प्यादे आठव्या ओळीत पोहोचले की त्याचा वजीर व्हायचा आणि डाव संपायचा. या आनंदात त्याने प्यादे एकदम दोन घरे पुढे लोटले. काळा राजा शांतपणे त्या प्याद्यापुढे येऊन उभा राहिला आणि मग काही केल्या हटेना. अखेर त्या राजाला शह नाही, पण हलावयास घरही नाही, अशी अवस्था झाली व डाव बरोबरीत सुटला. अर्ध्या गुणाने आमचा संघ पुढील फेरीस मुकला.

परतताना बसमध्ये तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने आम्हांला विचारले, “सर, नेमका तिथूनच डाव पुन्हा खेळायला मिळेल का? सुरुवातीपासून नको; फक्त ती तीन मोहरी मांडून.”

प्रश्न साधा होता, पण त्याने आम्हांस विचारात पाडले. आजवर आम्ही मुलांना बत्तीस मोहरी मांडूनच खेळावयास बसवीत आलो. अशा रीतीने महिनाभर खेळले तरी राजा व प्यादे उरण्याचा प्रसंग क्वचितच येणार. ज्या ठिकाणी पाय घसरतो तेथून शंभर वेळा चालून पाहिल्याशिवाय पाय स्थिर कसा व्हावा? गायक अडलेली तान तेवढीच पुनःपुन्हा घोळवतो. गणिताचा विद्यार्थी चुकलेले उदाहरणच पुन्हा सोडवतो. मग बुद्धिबळ खेळणाऱ्यानेच प्रत्येक वेळी पहिल्या पानापासून आरंभ का करावा?

शोध घेऊ लागलो तेव्हा ध्यानात आले, की ही कल्पना नवीन नाही. ती आपल्या भाषेतसुद्धा दडलेली आहे. ‘मनसुबा’ हा शब्द आपण नित्य वापरतो. बेत, योजना, असा त्याचा अर्थ. फारसीतून मराठीत आलेल्या या शब्दाचे मूळ अरबी असून तेथे त्याचा शब्दशः अर्थ ‘मांडलेले, उभे केलेले’ असा होतो. नवव्या व दहाव्या शतकांत बगदादच्या दरबारातील अल-अदली, अस-सूली यांसारखे निष्णात खेळाडू पटावर मुद्दाम मांडलेल्या स्थितींना हेच नाव देत व त्यांचे संग्रह करीत. म्हणजे आपण मनसुबा रचतो तेव्हा नकळत बुद्धिबळाचीच भाषा बोलत असतो.

आपल्याकडेही ही परंपरा होती. पेशवाईच्या अखेरच्या वर्षांत, १८१४ साली, मुंबईत बुद्धिबळावर एक इंग्रजी पुस्तक छापले गेले. त्रिवेंगडाचार्य शास्त्री या पंडितांच्या मूळ संस्कृत ग्रंथाचे ते भाषांतर होते. त्या पुस्तकाचा मुख्य भाग म्हणजे पटावर मांडावयाच्या निवडक, अडचणीच्या स्थिती होत. शिकणाऱ्याने त्या मांडाव्यात, विचार करावा व मार्ग शोधावा, हा त्यामागील हेतू.

परंतु पुस्तकाची एक मर्यादा आहे. पुस्तक स्थिती दाखवते, उत्तरही देते. ते उलट खेळी मात्र करीत नाही. आपण वेगळी चाल खेळलो तर ती का फसते, हे दाखवावयास पलीकडे कोणी तरी बसावे लागते. आणि एकच स्थिती तीस वेळा खेळावयास तयार असलेला मित्र कोठे मिळणार? येथे यंत्राचे साहाय्य होते.

गंमत अशी, की बुद्धिबळ खेळणारे पहिले खरेखुरे यंत्र मांडलेल्या स्थितीपुरतेच खेळत असे. स्पेनमधील अभियंते लिओनार्दो तोरेस केवेदो यांनी १९१२ साली ते तयार केले आणि १९१४ साली पॅरिसमध्ये लोकांना दाखविले. यंत्राकडे राजा व हत्ती, माणसाकडे एकटा राजा, एवढाच त्याचा खेळ. ते कमीत कमी खेळ्यांत मात करीत नसे, पण मात चुकवीतही नसे. पूर्ण डाव खेळणारी यंत्रे पुष्कळ नंतर आली.

दुसरी कथा अधिक बोधप्रद आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेतील संगणकतज्ज्ञ केन टॉम्प्सन यांनी एका बाजूस राजा व वजीर आणि दुसऱ्या बाजूस राजा व हत्ती असलेल्या सर्व स्थितींचा संगणकाकडून संपूर्ण हिशेब करविला. अशा डावात वजीरवाल्याने जिंकावे, हे पुस्तकांतून सर्वमान्य होते. कठीणात कठीण स्थितीतही ३१ खेळ्यांत जिंकता येते, असे हिशेबाने दाखविले. अमेरिकेचे अनेकवार विजेते राहिलेले ग्रँडमास्टर वॉल्टर ब्राऊन यांनी पैज लावली, की वजीर घेऊन आपण या यंत्रास हरवू. बुद्धिबळाचा नियम असा, की सलग ५० खेळ्यांत एकही मोहरे मारले गेले नाही व प्यादे हलले नाही, तर बरोबरी मागता येते. पहिल्या प्रयत्नात ब्राऊन यांना त्या मर्यादेत जिंकता आले नाही! यंत्राचा हत्ती अशा घरांवर जाऊन बसे, की जेथे तो जाईल असे कोणा माणसाला सुचले नसते. ब्राऊन घरी गेले, त्यांनी त्या स्थितीचा कसून अभ्यास केला व पुन्हा येऊन बसले. दुसऱ्या प्रयत्नात त्यांनी बरोबर पन्नासाव्या खेळीस हत्ती जिंकला. एवढ्या मोठ्या खेळाडूलाही मांडलेल्या डावापुढे पुन्हा विद्यार्थी व्हावे लागले. मग आपण लाज का बाळगावी?

आता आमच्या शोधाविषयी. प्रथम मोबाईलवरील बुद्धिबळाचे दोन-तीन खेळ आम्ही उतरवून पाहिले. एकात डाव केवळ आरंभापासूनच सुरू होई. दुसऱ्यात स्थिती मांडता येई, परंतु त्यासाठी पैसे भरावे लागत. तिसऱ्यात दर दोन खेळ्यांनंतर जाहिरात समोर येऊन उभी राही. आमच्या शाळेतील पुष्कळ मुलांच्या घरी एकच मोबाईल असतो. वडील तो घेऊन कारखान्यात पाळीला जातात व रात्री परततात. तेव्हा सॉफ्टवेअर विनामूल्य असावे, जमल्यास इंटरनेटवाचून चालावे आणि त्यात आपली स्थिती आपल्याला मांडता यावी, अशा तीन अटी आम्ही ठरविल्या. या अटींना उतरणारी तीन साधने येथे सांगतो.

पहिले साधन लीचेस. हे २०१० साली थिबो द्युप्लेसी या फ्रेंच तरुणाने सुरू केले. ते पूर्णपणे विनामूल्य आहे, त्यात जाहिराती नाहीत आणि ते लोकांच्या देणग्यांवर चालते. त्यातील साधनांच्या यादीत पट मांडण्याची सोय आहे. मोहरी बोटाने उचलून हव्या त्या घरावर ठेवावीत, खेळी कोणाची ते सांगावे आणि तेथून पुढे संगणकाशी किंवा मित्राशी खेळण्याचा पर्याय निवडावा. संगणकाच्या बळाच्या आठ पायऱ्या आहेत. संकेतस्थळावर खेळावयास इंटरनेट मात्र लागते.

दुसरे साधन ड्रॉइडफिश. हे अँड्रॉइड मोबाईलवर चालते व एकदा उतरवून घेतले की इंटरनेटची गरज उरत नाही. यातही पट स्वतः मांडता येतो, आणि खेळतो तो स्टॉकफिश, म्हणजे जगातील अत्यंत बलाढ्य बुद्धिबळ-प्रणालींपैकी एक. एकच मोबाईल असलेल्या घरासाठी आम्हांला हेच सर्वांत सोयीचे वाटले.

तिसरे ल्यूकस चेस. शाळेतील वा घरातील विंडोज संगणकासाठी ते योग्य आहे. लुकास मोंगे या स्पॅनिश गृहस्थांनी ते रचले असून तेही विनामूल्य आहे. त्यात निरनिराळ्या बळाचे अनेक संगणकी प्रतिस्पर्धी आहेत, अभ्यासाच्या तयार स्थिती आहेत आणि स्वतःची स्थिती मांडण्याची सोयही आहे.

स्थिती एका साधनातून दुसऱ्यात न्यावयाची तर पुन्हा एकेक मोहरे ठेवावे लागत नाही. त्यासाठी एक लहानशी लेखनपद्धती आहे. तिला ‘फेन’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकातील स्कॉटिश पत्रकार डेव्हिड फोर्साइथ यांनी ती काढली व स्टीव्हन एडवर्ड्स यांनी संगणकासाठी तिला पूर्णत्व दिले. पट आठव्या ओळीपासून पहिल्या ओळीपर्यंत, प्रत्येक ओळ डावीकडून उजवीकडे वाचावी. मोकळी घरे आकड्याने व मोहरे त्याच्या इंग्रजी अक्षराने लिहावे. पांढऱ्यासाठी मोठे अक्षर, काळ्यासाठी लहान. आमच्या विद्यार्थ्याची स्थिती शब्दांत अशी होईल : आठ, आठ, चार–काळा राजा–तीन, आठ, आठ, तीन–पांढरा राजा–चार, चार–पांढरे प्यादे–तीन, आठ. प्रत्येक ओळीची बेरीज आठ आली पाहिजे. न आली तर चूक झाली असे समजावे. शेवटी खेळी कोणाची, किल्लेकोट करण्याचा हक्क कोणास उरला आहे, इत्यादी गोष्टी लिहितात. यांपैकी ‘खेळी कोणाची’ ही बाब कधीही विसरू नये. तीच मोहरी, तीच घरे, आणि केवळ खेळी दुसऱ्याची, एवढ्याने जिंकणारा डाव बरोबरीचा होतो.

वाचकांनी आता घरी पट घेऊन ही स्थिती मांडावी. पांढऱ्याच्या बाजूने पाहता डावीकडून स्तंभांना ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच अशी नावे व ओळींना १ ते ८ आकडे आहेत. पांढरा राजा डी-३, पांढरे प्यादे ई-२, काळा राजा ई-६, खेळी पांढऱ्याची. आमच्या विद्यार्थ्याने प्यादे ई-४ वर नेले. काळा राजा ई-५ वर आला, आणि पुढे अचूक खेळला तर तो कधीच हरत नाही. प्याद्याने रेटा दिला की तो सरळ मागे सरतो आणि पांढरा राजा पुढे आला की त्याच्या समोर उभा राहतो. याउलट पांढऱ्याने प्रथम राजाला ई-४ वर नेले असते तर? दोन्ही राजे मधले एक घर सोडून समोरासमोर येतात आणि खेळी काळ्याची असते. त्याला जागा सोडावीच लागते. तो डी-६ वर गेला तर पांढरा राजा एफ-५ वर शिरतो. तो एफ-६ वर गेला तर डी-५ वर. अशा रीतीने राजा पुढे राहून वाट मोकळी करतो आणि प्यादे मागून निर्धास्त चालते. प्याद्याने राजाला ओढावयाचे नसते. राजाने प्याद्याची वाट काढावयाची असते. एका वाक्याचा हा धडा, पण वाक्य पाठ करून तो येत नाही. हाताने खेळूनच येतो.

असा सराव कसा करावा, याविषयी अनुभवाने आम्हांस चार गोष्टी उमगल्या.

पहिली : जिंकणारी स्थिती मांडली असेल तर संगणकाचे बळ सर्वाधिक ठेवावे. हे ऐकून मुले दचकतात. परंतु खालच्या पायरीवरील संगणक अधूनमधून मुद्दाम चुकीची खेळी करतो. त्या चुकीमुळे मिळालेला विजय आपला नसतो, आणि आपली पद्धत बरोबर होती असा भ्रम मात्र राहतो. अनेक मोहरी पटावर असतील व सामना समान असेल, तेव्हा मात्र आपल्या ताकदीला जुळणारी पायरी घ्यावी.

दुसरी : तीच स्थिती दोन्ही बाजूंनी खेळावी. बचाव कसा करतात हे ठाऊक झाल्यावाचून बचाव मोडता येत नाही. ई-४ नंतरच्या स्थितीत काळ्याकडून बसून बरोबरी राखून पाहावी. मग आपली चूक केवढी होती ते मनाला पटते.

तिसरी : एक वही ठेवावी. तारीख, स्थिती, निकाल आणि कोठे अडले, एवढेच लिहावे. लागोपाठ तीन वेळा जिंकल्यावाचून पुढील स्थितीकडे जाऊ नये. आठवड्याने तीच स्थिती पुन्हा मांडून पाहावी.

चौथी : उत्तर दाखविणारे बटण शेवटी दाबावे. लीचेसवर सात मोहऱ्यांपर्यंतच्या, म्हणजे दोन्ही राजे धरून सात, स्थितींचा संपूर्ण हिशेब पाहावयास मिळतो. सात मोहऱ्यांचे हे कोष्टक २०१८ साली पूर्ण झाले. तेथे प्रत्येक खेळीपुढे विजय, बरोबरी वा हार हे निश्चितपणे लिहिलेले असते. परंतु विचार करण्यापूर्वी उत्तर पाहणे म्हणजे गणिताच्या पुस्तकाची शेवटची पाने उतरवून काढणे होय.

आरंभी कोणत्या स्थिती मांडाव्यात? एकट्या राजाविरुद्ध राजा-वजीर घेऊन मात करावी. उत्तम खेळ झाल्यास दहा खेळ्यांहून अधिक लागत नाहीत. मग राजा-हत्ती घेऊन. येथे मर्यादा सोळा. मग वरील राजा-प्याद्याच्या स्थिती. राजा, उंट व घोडा यांनी मात करणे कठीण. तेथे तेहतीस खेळ्यांपर्यंत लागू शकतात, म्हणून ते पुढच्या वर्षासाठी ठेवावे. परंतु सर्वांत मोलाच्या स्थिती कोणत्याही पुस्तकात नसतात. त्या आपल्याच हरलेल्या डावांत असतात. स्पर्धेत खेळ्या लिहून घेतल्या असतील तर ज्या खेळीस डाव बिघडला तेथे थांबावे आणि ती स्थिती मांडावी.

यंत्राच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. हरत असलेला संगणक मात शक्य तितकी लांबवितो. माणूस मात्र सापळा रचतो, घाई करावयास लावतो, घड्याळाकडे पाहून धीर सोडावयास लावतो. म्हणून यंत्राबरोबर पक्की झालेली स्थिती भावंडांशी वा मित्राशी लाकडी पटावर खेळून पाहावी. आणि एक गोष्ट कधीही करू नये. दुसऱ्या माणसाशी डाव चालू असताना संगणकास खेळी विचारू नये. ती चोरी आहे. तिने गुण मिळतील, पण बुद्धीही मिळणार नाही आणि बळही. ‘बुद्धिबळ’ हे नाव मग कशाला धारण करावयाचे?

जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातील बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला व ती ग्रँडमास्टर झाली. अंतिम लढतीत तिच्यासमोर कोनेरू हम्पीसारखी अनुभवी खेळाडू होती. संथ गतीचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले आणि निर्णय जलद डावांत लागला. अशा वेळी विचारास वेळ थोडा असतो व हातास जे वळण लागलेले असते तेच उपयोगी पडते. ते वळण एका दिवसात लागत नाही.

आमच्या विद्यार्थ्याचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. वडील पाळीहून आले की रात्री अर्धा तास मोबाईल त्याच्या हाती येतो. त्याच्या वहीत पहिल्या आठवड्यात अकरा वेळा ‘बरोबरी’ हा शब्द आहे. बाराव्या ओळीत ‘जिंकलो’ असे लिहून त्याने ते खोडले आहे व पुढे लिहिले आहे, ‘संगणकाची पायरी खाली होती, हे धरू नये.’ त्यानंतर चार दिवसांनी, सर्वांत वरच्या पायरीवर, तीन वेळा लागोपाठ ‘जिंकलो’ आहे. स्पर्धेतील तो अर्धा गुण आता परत मिळणार नाही. पण ते खोडलेले अक्षर पाहून आम्हांस जो आनंद झाला, तो कोणत्याही ढालीने झाला नसता.

पालकांना एवढीच विनंती, की मूल रात्री मोबाईलवर तीनच मोहरी मांडून बसलेले दिसले, तर ‘खेळ पुरे’ म्हणण्यापूर्वी क्षणभर त्याच्या शेजारी बसावे आणि विचारावे, “खेळी कोणाची?”